राज्याचं बजेट, कायदे आणि आपली स्पेशल मुलं : नाशिकच्या पालकांना नेहमी पडणारे प्रश्न

मी एक आई आहे, सिडकोत राहते. मुलगा २० वर्षांचा आहे, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही आहे. शाळेच्या गेटवर, तहसीलच्या लायनीत, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरत असतात, आणि प्रत्येक वेळी व्हॉइस नोट पाठवून थकले म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी वकील नाही, पण गेली बारा-तेरा वर्षं या फायली घेऊन फिरतेय.

बजेट मुंबईत मांडतात, त्याचा माझ्या पोराशी काय संबंध?

सगळाच संबंध आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राने काय बघायचं आणि राज्याने काय बघायचं याच्या याद्या आहेत, त्यातल्या राज्य सूचीत ९ नंबरला दिव्यांग आणि काम करू न शकणाऱ्या लोकांना मदत हा विषय आहे. म्हणजे आपल्या मुलांचा मूळ भार राज्याच्या तिजोरीवर. अनुदानित विशेष शाळेतल्या ताईंचा पगार, वसतिगृहातल्या मुलांचं जेवणाचं अनुदान, संजय गांधी निराधार योजनेचे दरमहाचे पैसे, एसटीतली सवलत, हे सगळं विधानभवनात मंजूर होणाऱ्या आकड्यांतून येतं. शाळेत स्पीच थेरपीच्या ताई यायच्या बंद झाल्या की आपण शाळेवर चिडतो, पण बऱ्याचदा पद मंजूरच नसतं किंवा पद असतं आणि पगाराची तरतूद आलेली नसते.

"विकासात्मक अपंगत्व" म्हणजे नक्की कोण कोण?

बोलताना आपण बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि लर्निंग डिसॅबिलिटी यांना धरतो. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याशिवाय १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा वेगळा आहे, तो फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. हे दोन्ही कायदे केंद्राचे, पण राबवायचे राज्याने, आणि घोळ नेमका तिथून सुरू होतो.

कायदा आहे ना? मग प्रत्येक गोष्टीसाठी पैसे वेगळे का मागावे लागतात?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहिते.

कायदा हक्क देतो, पैसे देत नाही. पैशासाठी बजेटमध्ये त्या कामाचं लेखाशीर्ष लागतं, म्हणजे सरकारी हिशेबातला कप्पा. आपला मोठा कप्पा २२३५, सामाजिक सुरक्षा व कल्याण, आणि त्याच्या आत दिव्यांग कल्याणाचे छोटे कप्पे. कप्प्यात रक्कम टाकलेली नसेल तर साहेबाची कितीही इच्छा असली तरी तो एक रुपया काढू शकत नाही, आणि हे समजायला मला काही वर्षं लागली, तोपर्यंत मी समोर बसलेल्या माणसाशीच भांडत होते.

उदाहरण घ्या. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. आता बघा, २०२३ च्या मार्चमधल्या बजेटमध्ये संजय गांधी योजनेचे १००० चे १५०० झाले, चांगलंच झालं, पण विधवा भगिनींना १५०० आणि आपल्या मुलांनाही १५००. २५ टक्के जास्त धरले तर १८७५ व्हायला पाहिजे होते. कायदा लागू होऊन तेव्हा सहा वर्षं होत आली होती. दिव्यांगांसाठी २५०० करायचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये घेतला, तोसुद्धा राज्यभर आंदोलनं झाल्यावर.

आणि त्याच कलमात "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत राहून" असे शब्द आहेत. सरकारी उत्तरात हे शब्द दिसले की समजायचं, आता हक्काचं बोलून झालं, इथून पुढे आकड्याचं बोलायचंय.

बजेटचं वेळापत्रक काय असतं? आम्ही कधी बोलायचं?

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. बजेट साधारण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत मांडतात. मग बहुतेक पालक मार्चमध्ये निवेदन घेऊन जातात, तोपर्यंत आकडे छापून झालेले असतात! पावसाळा संपता संपता प्रत्येक विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज काढायला लागतो, खरं निवेदन तेव्हा द्यायचं, गणपती ते दिवाळी हा आपला काळ.

ते हुकलं तर पुरवणी मागण्या असतात. पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपूरला, दोन्हीकडे सरकार पुरवणी मागण्या मांडतं, म्हणजे वर्षाच्या मध्ये लागणारे जास्तीचे पैसे. लाडकी बहीण योजना आठवा, २०२४ निवडणुकीचं वर्ष होतं म्हणून फेब्रुवारीत अंतरिम बजेट आलं आणि २८ जूनच्या अतिरिक्त बजेटमध्ये ही योजना जाहीर झाली, आणि लगेच जुलैपासून लागूसुद्धा. तेव्हा "वर्षाच्या मध्ये काही करता येत नाही" असं कुणी सांगितलं तर हे उदाहरण शांतपणे द्यायचं.

बजेटमध्ये घोषणा झाली, पेपरात आलं, मग खात्यात पैसे का नाही आले?

कारण घोषणा ही पहिली पायरी आहे. त्यानंतर शासन निर्णय निघावा लागतो, ज्याला आपण जीआर म्हणतो. मग वित्त विभागाची मंजुरी, मग बीम्स नावाच्या ऑनलाइन सिस्टिमवर तो निधी विभागाला दिसतो, तिथून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका, मग डीबीटीने, म्हणजे मध्ये कुणी न येता थेट, आधारला जोडलेल्या खात्यात. ऑफिसात "बीम्सवर आलं नाही अजून" असं म्हणतात ते हेच. दरवेळी ते टाळत असतात असं नाही, मी एकदा स्क्रीन बघितलीय, खरंच शून्य होतं.

म्हणून घोषणा ऐकली की दोनच गोष्टी विचारायच्या: जीआर निघाला का आणि कुठल्या तारखेचा. जीआर शासनाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, प्रिंट काढून फाइलला लावून ठेवा. खालच्या ऑफिसात पेपरचं कात्रण चालत नाही, जीआर चालतो.

संजय गांधी निराधार योजना आम्हाला मिळेल का?

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे आता यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), रहिवासाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूमधून.

अडतं ते उत्पन्नावर. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५० हजार धरलेली आहे. महिन्याचे चार हजार दोनशेसुद्धा नाही होत. सातपूर किंवा अंबडला कंपनीत कंत्राटी कामाला जाणारा बापसुद्धा या मर्यादेच्या बाहेर जातो, आणि त्याच घरात डायपर, फिटचं औषध, थेरपी, रिक्षा यांचा खर्च पगाराच्या निम्मा असतो. लाडकी बहीणला अडीच लाखांची मर्यादा ठेवता येते, मग ज्या घरात एक माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताने जेवणार आहे त्या घराला ५० हजार का? मला याचं उत्तर आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. पालकांनी एकच मागणी धरायची असेल तर मी हीच धरीन, रक्कम वाढवण्याच्याही आधी.

८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन योजना लागू होते. त्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये, गेली दहा वर्षांहून जास्त तेवढाच आहे, वरचे राज्य घालतं.

मुलाचा अंगठा आधारला उमटत नाही, काय करू?

आमच्याकडे हेच झालं. आमचा लेक लहानपणापासून बोटं चावतो, त्यामुळे बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. एका सेंटरवर अर्धा तास गेला, मी ओल्या नॅपकिनने एकेक बोट पुसतेय, तो मूठ घट्ट आवळतोय, मशीनचा लाल दिवा लागतोय, मागे लाइनीतली माणसं उसासे टाकतायत, आणि ऑपरेटर म्हणतोय, "ताई, त्याला बोट सरळ ठेवायला सांगा ना." मग डोळ्यांचं स्कॅन करू म्हणाले तर हा कॅमेऱ्याकडे बघेचना. शेवटी त्या ऑपरेटरनेच विचारलं, याला काय आवडतं? म्हटलं रेल्वे. त्याने स्वतःच्या मोबाइलवर पंचवटी एक्सप्रेसचा व्हिडिओ लावला, मोबाइल कॅमेऱ्याच्या मागे धरला आणि आमच्या लेकाने जे डोळे मोठे करून बघितलं, एका फटक्यात स्कॅन झालं. देव त्या पोराचं भलं करो.

तर, बोटं उमटत नसतील तर डोळ्यांचं स्कॅन मागा, आणि तेही होत नसेल तर बायोमेट्रिक अपवाद म्हणून नोंदणी करायची सोय आधारच्या नियमांतच आहे. "होत नाही, परत या" एवढ्यावर घरी जायचं नाही. महिन्याचे अडीच हजार त्या एका नोंदीवर अडकतात.

यूडीआयडीसाठी कुठे जायचं?

अर्ज ऑनलाइन, तपासणी सिव्हिलला, म्हणजे त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात. जुने सगळे रिपोर्ट, आयक्यू टेस्ट, शाळेचं पत्र न्या. सुरगाणा, पेठ, बागलाणकडच्या पालकांना एवढं लांब यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि एक रोजंदारी बुडते, म्हणून निघायच्या आधी तपासणीचा वार फोन करून विचारा. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत आहे.

मुलगा १८ वर्षांचा झाला, आता बँक म्हणते गार्डियनशिप आणा. आम्हीच तर आईबाप!

हो, मलाही तेव्हा रडू आलं होतं. पण कायद्याने १८ पूर्ण झाले की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. आपल्या चार प्रकारांसाठी नॅशनल ट्रस्ट कायद्यात स्थानिक स्तर समिती आहे, प्रत्येक जिल्ह्यात, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टात जायची, वकील लावायची गरज नाही. अर्ज, मुलाचं प्रमाणपत्र, फोटो, आईवडिलांची कागदपत्रं, मग समितीची बैठक. समिती रोज बसत नाही, म्हणून मुलगा साडेसतरा वर्षांचा झाला की कागद जमवायला लागा.

२०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व म्हणून वेगळी कल्पना आहे, त्यात निर्णय मुलाला विचारून, दोघांनी मिळून घ्यायचा असतो. मला ती कल्पना मनापासून पटते. आमच्या लेकाला बँकेचं कळत नाही, पण कुठला शर्ट, कुठे जायचं, कुणाकडे राहायचं हे त्याला पक्कं कळतं, त्यात त्याचंच चालतं.

शाळेबद्दल सांगा. अनुदानित, विनाअनुदानित काय फरक?

अनुदानित शाळेचे पगार सरकार देतं, विनाअनुदानित शाळा फी आणि देणग्यांवर चालते. नाशिकला या कामाची जुनी परंपरा आहे, रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये इथे प्रबोधिनी सुरू केली तेव्हा अशा मुलांना शाळेत घालतात हेच लोकांना माहीत नव्हतं.

२०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांग मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. साध्या शाळेत विशेष शिक्षक किती हवेत हेही सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय, प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. २०२५ मध्ये कोर्टाने राज्यांना पदं मंजूर करून भरायलाही सांगितलं. पद मंजूर म्हणजे पगाराची तरतूद, म्हणजे परत बजेट. आमदारांशी बोलताना "शिक्षक द्या" असं म्हणू नका, "आमच्या तालुक्यात या प्रमाणात किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलीत" असं विचारा.

१८ नंतर काय?

इथे मात्र पोकळी आहे. शाळा सुटते आणि मुलगा घरी बसतो. कर्मशाळा आहेत, तिथे फाइल, पणत्या, कागदी पिशव्या असं काम शिकवतात, पण जागा कमी आणि तालुक्याच्या ठिकाणी तर फारच कमी. नॅशनल ट्रस्टच्या समर्थ आणि घरौंदा अशा निवासी योजना आहेत, त्या संस्थांमार्फत चालतात. आपल्यानंतर याचं कोण, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या उशाशी असतो. प्रौढ मुलांसाठी दिवसभराची केंद्रं आणि निवासी घरं यांना राज्याने स्वतःच्या बजेटमधून भरीव पैसे द्यायला हवेत असं माझं ठाम मत आहे, कारण देणग्यांवर चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य काढता येत नाही.

नोकरीत आरक्षण आहे का?

सरकारी नोकरीत ४ टक्के. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. सेरेब्रल पाल्सी अस्थिव्यंगाच्या एक टक्क्यात येते. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आहेत, लर्निंग डिसॅबिलिटीवाल्या मुलांनी तर हे नक्की वापरा.

पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापतात, तो माफ होतो म्हणे?

होतो. बौद्धिक अक्षम मुलाच्या आईवडिलांना राज्याच्या कायद्यातच सूट आहे. वर्षाचे २५०० रुपयांपर्यंत वाचतात. प्रमाणपत्राची झेरॉक्स कंपनीच्या एचआरला द्या, बऱ्याच एचआरला हे माहीतच नसतं.

निरामय इन्शुरन्स घ्यावा का?

घ्या. नॅशनल ट्रस्टची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीही धरतात. रिन्यूअलची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. बिलं ओरिजिनल जपा.

महापालिका आणि ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी काय आहे?

महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा आदेश आहे, आधी तो ३ टक्के होता. शहरातल्यांनी शरणपूर रोडला महापालिकेच्या राजीव गांधी भवनात, गावाकडच्यांनी ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे विचारायचं. मार्च २०२२ नंतर काही वर्षं आपल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, बजेट प्रशासकच मंजूर करायचे, त्या काळात वॉर्डातल्या कुणाला भेटायचं तेच पालकांना कळत नव्हतं.

या निधीत एक अडचण मला कायम दिसते. खर्च होतो तो बहुतेक तीनचाकी, कुबड्या, झेरॉक्स मशीन असल्या वस्तूंवर. वाईट नाही, त्या लोकांना त्याची गरज आहेच, पण आपल्या मुलांना वस्तू नको, माणूस पाहिजे: थेरपिस्ट, काळजीवाहक, शाळेपर्यंतची गाडी. ते मागितल्याशिवाय यादीत येत नाही. गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उठून विचारा, उत्पन्न किती, ५ टक्के किती होतात, खर्च कुठे झाला. आणि ते वहीत लिहून घ्यायला सांगा.

शिवाय २०२५-२६ च्या राज्य बजेटमध्ये जिल्हा वार्षिक योजनेतला किमान १ टक्का दिव्यांगांसाठी ठेवायची घोषणा झाली. हा निधी जिल्हा नियोजन समितीच्या हातात असतो, म्हणजे पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी.

माहिती देत नाहीत. मग?

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न छोटे ठेवा आणि वर्ष लिहा. तरी हललं नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार, त्यांना लोकांना बोलावून घेण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार कायद्याने दिलेत. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभागच झालाय, म्हणजे "हे आमच्याकडे नाही, सामाजिक न्यायकडे जा" ही टोलवाटोलवी आता चालायला नको.

निधी परत जातो म्हणजे नक्की काय होतं?

३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही की तरतूद संपते, बुडते. पुढच्या वर्षी मग म्हणतात मागच्या वेळचेच खर्च झाले नाहीत, जास्त कशाला? म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाऊन विचारायचं की यंदाचे किती उरलेत.

आमदारांना पत्र कसं लिहू?

एक पान, एक मागणी, एक आकडा. जिल्ह्यात १५ आमदार आहेत, आपापल्या आमदाराला लिहा. ग्रुपमध्ये आम्ही जे पाठवलं ते असं होतं: "माझा मुलगा २० वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. घरचं उत्पन्न वर्षाला १ लाख ४० हजार, त्यातले ५२ हजार त्याच्या औषध आणि थेरपीला जातात. ५० हजारांच्या मर्यादेमुळे त्याला संजय गांधी योजना मिळत नाही. ही मर्यादा वाढवण्याबाबत आपण अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा ही विनंती." तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं. पत्राच्या खाली नाव, गाव, मतदारसंघ. आपापल्या घरचे आकडे घाला, कॉपी-पेस्ट नको. एकसारखी ५० पत्रं आली की ती एका ढिगात जातात, ५० वेगळी घरं आली की पीए निदान वाचतो.

आमदारांना भेटायला जाताना मुलाला सोबत न्यायचं का?

त्याला झेपत असेल तर न्या, दाखवायला म्हणून नको. आम्ही सकाळी लवकर जातो, गर्दी व्हायच्या आत. कानाला हेडफोन, खिशात पारले, आणि बसायला खिडकीजवळची जागा मागून घेते. मागच्या वेळी मी बोलत होते तेवढ्या वेळात त्याने टेबलावरचे सगळे पेन रंगाप्रमाणे लावून ठेवले. साहेबांनी बोलताना एक पेन उचललं तर याने हात पुढे केला, मग त्यांनी ते परत त्याच जागी ठेवलं आणि सही दुसऱ्या पेनाने केली.